मृगयाबाण

मृगयाबाण : शिकारीसाठी, विशेषतः हरिणवर्गातील प्राण्यांच्या शिकारीसाठी, धनुष्यावरून सोडावयाचा बाण. टोक (फाळ), दांडी, पिसे आणि प्रत्यंचेवर बसणारी खाच हे त्याचे चार भाग होत. यांपैकी टोकाच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक गेले आहे. कारण दगडाची व धातूची टोके जमिनीत टिकून राहतात, दांडी मात्र कुजून जाते. तथापि बाण सरळ जाईल की नाही, सोडणाऱ्याच्या हाताला तो अपाय करील की नाही आणि मारलेल्या जनावराच्या मांसात त्याचा काही अंश मागे राहील की नाही, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी दांडीवर अवलंबून असतात. बोरू, बांबू व लाकूड यांपासून ॲल्युमिनियम व कार्बनतंतू यांपर्यंत दांडीच्या द्रव्यात जे बदल झाले, त्यांबरोबर दांडी मोडण्याची रीतही बदलली आणि शिकाऱ्याने घ्यावयाच्या दक्षतेचे स्वरूपही बदलत गेले. प्रस्तुत नोंदीत या बदलांचा इतिहास दिला असून त्याच्या आधुनिक भागात उत्तर अमेरिकेतील हरिणांच्या शिकारीचा विशेष विचार केला आहे. कारण कार्बन बाणाचा शिकारीतील वापर तेथेच मोठ्या प्रमाणावर रूढ झाला.

प्राचीन दांडी : भारतीय भाषांत बाणाची जुनी नावे त्याच्या दांडीवरूनच पडलेली दिसतात. संस्कृतात ‘शर’ हे प्रथम एका उंच, पोकळ काडीच्या गवताचे नाव असून त्याच शब्दाने बाणाचाही बोध होतो. कौटिलीय अर्थशास्त्रा त आयुधागाराच्या प्रकरणात बाणांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत वेळूचे, शर गवताचे व कठीण लाकडाचे बाण येतात आणि शेवटी संपूर्ण लोखंडी असा नाराच येतो. मराठीतील ‘तीरकामठा’ या जोडशब्दातील कामठा म्हणजे बांबूच्या कांबीचे धनुष्य होय. सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्यबाणांत बांबू हेच मुख्य द्रव्य राहिले आहे.

प्रत्यक्ष अवशेषांच्या रूपाने मिळालेल्या सर्वांत जुन्या दांड्यांपैकी जर्मनीत हँबर्गनजीकच्या श्टेलमूर येथील दांड्या प्रसिद्ध आहेत. आल्फ्रेट रुस्ट यांनी १९३०–४० या दशकात केलेल्या उत्खननात रेनडियरांच्या हाडांबरोबर पाइन लाकडाच्या सुमारे शंभर बाणांचे अवशेष मिळाले. त्यांचा काळ सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात हे अवशेष नष्ट झाले. तथापि त्यांची वर्णने व चित्रे उपलब्ध आहेत. त्यांतील काही बाणांची दांडी दोन भागांची होती : मागची लांब दांडी आणि तिला जोडलेली पुढची आखूड दांडी. बाण लागल्यावर आघाताचा मुख्य भार पुढच्या भागावर येतो. तो मोडला, तरी मागची दांडी पुन्हा वापरता येते. बाण मोडणारच, हे गृहीत धरून तो कोठे मोडावा हे आधीच ठरविण्याचा हा प्रयत्न होय. बोरूची दांडी व तिच्या पुढे कठीण लाकडाचा तुकडा अशी रचना प्राचीन ईजिप्तमध्येही होती. तूतांखामेनच्या थडग्यात अशा प्रकारचे बाण सापडले आहेत.

आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेजवळ १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवी देहाजवळ (याला ‘ओट्झी’ हे नाव रूढ झाले आहे) एका भात्यात चौदा दांड्या होत्या. त्यांपैकी दोनच बाण पूर्ण केलेले होते आणि ते दोन्ही मोडलेले होते. २००१ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या माणसाच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले आढळले. त्या बाणाची दांडी मात्र तेथे नव्हती. ती ओढून काढली गेली आणि टोक आत राहिले. पुढे झालेल्या तपासणीत त्याच्या जठरात तांबड्या हरिणाच्या व डोंगरी बोकडाच्या मांसाचे अंश मिळाले. अंगात शिरलेल्या बाणाचा दिसणारा भाग काढला, म्हणजे सर्व बाण निघाला असे होत नाही, याचे हे फार जुने उदाहरण आहे.

विषदिग्ध बाण व मांस : बाणाने मारलेल्या जनावराचे मांस खाण्यास योग्य आहे किंवा नाही, हा प्रश्न कार्बन बाणाबरोबर प्रथम निर्माण झाला असे नाही. तो विषारी बाणाइतका जुना आहे. ग्रीक भाषेत धनुष्याला ‘टॉक्सॉन’ म्हणत व बाणाला लावावयाच्या विषाला ‘टॉक्सिकॉन’. विषवाचक अनेक यूरोपीय शब्द त्यावरूनच आले. ऋग्वेदा च्या सहाव्या मंडलातील आयुधांच्या सूक्तात विष माखलेल्या, हरिणाच्या शिंगाचे टोक असलेल्या बाणाचा उल्लेख येतो. मनुस्मृती ने युद्धात विषदिग्ध बाण निषिद्ध ठरविले. मीमांसाशास्त्रात निषेधवाक्याचे नेहमीचे उदाहरण म्हणून कलंज न खाण्याचा नियम घेतला जातो. ‘कलंज’ शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद असले, तरी विषारी बाणाने मारलेल्या पशुपक्ष्यांचे मांस असा त्याचा अर्थ कोशकार देतात. हा अर्थ घेतल्यास शिकारीच्या साधनामुळे मांसाला येणाऱ्या दोषाचा विचार भारतीय परंपरेत किती पूर्वी झाला होता, हे लक्षात येते.

विषारी बाण वापरणाऱ्या जमातींनी या प्रश्नाची उत्तरे अनुभवाने शोधली होती. दक्षिण आफ्रिकेतील सान शिकारी एका भुंगेऱ्याच्या अळीपासून मिळणारे विष वापरतात. ते विष टोकाच्या धारेवर न लावता तिच्या मागच्या भागावर लावतात. त्यामुळे चुकून धार लागली, तरी स्वतःला बाधा होण्याचा संभव कमी होतो. त्यांच्या बाणाची दांडीही अनेक भागांची असते. जनावर पळू लागले की मागची दांडी गळून पडते आणि विष असलेला भाग आत राहतो. जनावर पडल्यावर जखमेभोवतीचे मांस कापून टाकले जाते व उरलेले खाल्ले जाते. जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील ऐनू लोक हरिणांच्या व अस्वलांच्या शिकारीसाठी बचनागाच्या वर्गातील वनस्पतीचे विष वापरीत. तेही बाण लागलेल्या जागेचे मांस काढून टाकीत. जपानी शासनाने १८७६ मध्ये या बेटावर विषारी बाणांच्या वापरास बंदी घातली. दक्षिण अमेरिकेतील क्युरारे हे विष रक्तात गेले असताना स्नायू लुळे पाडते. परंतु पोटात गेले असताना ते फारच थोडे शोषले जाते, म्हणून त्याने मारलेल्या प्राण्याचे मांस खाता येते.

या भिन्न पद्धतींतून दोन नियम स्पष्ट होतात. एक म्हणजे बाणातील अपायकारक भाग कोणता व तो शरीरात कोठे राहिला आहे, हे शिकाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. दुसरा म्हणजे जखमेभोवतीचे मांस, लोभ न धरता, टाकून दिले पाहिजे. कार्बन बाणाच्या बाबतीत आज जे नियम सांगितले जातात, ते मुळात हेच होत.

लाकडी दांडीचा उत्कर्ष : मध्ययुगीन यूरोपात बाणांच्या दांड्या करणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला होता. रॉजर ॲस्कम याने १५४५ साली प्रसिद्ध केलेल्या टॉक्सॉफिलस या इंग्रजी ग्रंथात दांडीसाठी वापरल्या जाणाऱ्या पंधरा प्रकारच्या लाकडांची नावे दिली आहेत. त्याच वर्षी बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रज युद्धनौकांपैकी एक जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यातून हजारो बाण मिळाले. त्यांतील बहुतेकांच्या दांड्या पॉप्लर वर्गातील लाकडाच्या आहेत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धनुष्यबाणाने शिकार करण्याच्या आधुनिक छंदाचा उगम कॅलिफोर्नियातील याही जमातीच्या इशी या व्यक्तीशी निगडित आहे. आपल्या लोकांपैकी एकटाच उरलेला इशी १९११ मध्ये गोऱ्या वस्तीत आला व १९१६ मध्ये मृत्यू पावला. मधल्या काळात सॅक्सटन पोप या वैद्याने त्याच्याकडून धनुष्यबाण करण्याची व वापरण्याची विद्या आत्मसात केली. इशी हेझलच्या सरळ फांद्या तोडून वाळवी व निखाऱ्याच्या उष्णतेवर धरून त्यांचा बाक काढी. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या वाचनाने अनेकांना या छंदाची गोडी लागली. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरिणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला. पुढे इतर राज्यांनीही तसे केले आणि पांढऱ्या शेपटीचे हरिण हे तेथील धनुर्धाऱ्यांचे मुख्य लक्ष्य बनले.

या काळात ऑरेगन राज्यातील पोर्ट ऑरफर्ड सीडार या झाडाच्या दांड्या उत्तम समजल्या जात. लाकडी दांडीत तंतूंची दिशा महत्त्वाची असते. तंतू दांडीच्या लांबीशी समांतर असले, तर ती टिकाऊ होते. ते तिरपे बाहेर निघत असतील, तर बाण सुटताना दांडी तिरपी फाटून तिचे टोकदार शकल धनुष्य धरणाऱ्या हातात घुसण्याचा धोका असतो. म्हणून दांडी घेताना तिची शिरा पाहणे हा जुना परिपाठ होता. लाकडाची चीर व बाक सामान्यतः डोळ्यांना दिसतात किंवा बोटांना लागतात, ही त्यातील जमेची बाजू होय. दमट हवेत वाकणे आणि एका दांडीचा गुण दुसरीत नेमका न उतरणे हे तिचे प्रमुख दोष होत.

धातूची नळी : जेम्स डी. ईस्टन यांनी १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात लाकडी बाण करण्यास सुरुवात केली होती. लाकडाच्या असमानतेस कंटाळून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीकडे लक्ष वळविले व १९३९ मध्ये तिचे बाण तयार केले. १९४१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत लॅरी ह्यूज यांनी या बाणांनी विजेतेपद मिळविले. युद्धानंतर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि पुढील काही दशके स्पर्धांत व शिकारीतही त्यांचे प्राबल्य राहिले. काचतंतूंच्या दांड्याही मधल्या काळात वापरात होत्या; पण त्या जड असत.

धातूच्या नळीमुळे दांडीची जाडी, वजन व लवचिकता यांचे ठराविक मान साधता आले. बाण सुटताना दांडी सरळ राहत नाही. मागून येणाऱ्या धक्क्याने ती वाकते आणि माशाप्रमाणे वळवळत धनुष्याच्या कडेने निघून जाते. क्लॅरन्स हिकमन यांनी अतिशीघ्र छायाचित्रणाने ही क्रिया दाखवून दिली. म्हणून धनुष्याच्या जोराला अनुरूप लवचिकतेची दांडी निवडणे अगत्याचे असते. दांडीला ७१ सेंमी. (२८ इंच) अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅ. वजन टांगतात व ती किती लवते हे मोजतात. हे मान इंचाच्या सहस्रांशांत सांगतात. ‘५००’ क्रमांकाची दांडी अर्धा इंच लवते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ॲल्युमिनियमचा विशेष असा की, ते सहसा एकदम तुटत नाही. आघाताने वाकते किंवा त्यावर पोचा पडतो. वाकलेली दांडी सपाट पृष्ठभागावर घरंगळवली असता लगेच ओळखू येते. जनावराच्या अंगात ती मोडली, तरी तिचे थोडे व मोठे तुकडे होतात.

कार्बनतंतूंची दांडी : आधुनिक कार्बनतंतूंचा विकास १९५० नंतर झाला. अमेरिकेत रॉजर बेकन यांनी १९५८ मध्ये अतिशय बळकट कार्बनतंतू प्रयोगशाळेत मिळविले. जपानमध्ये आकिओ शिंदो यांनी त्यानंतर लवकरच पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून ते बनविण्याची रीत शोधली आणि ब्रिटनमध्ये फार्नबरो येथील विमानविद्येच्या शासकीय संस्थेत १९६०–७० या दशकात ती अधिक प्रगत झाली. १९७१ च्या सुमारास जपानमध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. या तंतूचा व्यास सर्वसाधारणपणे ५ ते १० मायक्रॉन असतो. तंतू एपॉक्सीसारख्या रेझिनात बसवून त्यापासून हलके, ताठ व बळकट पदार्थ तयार होतात.

ॲल्युमिनियमच्या पातळ नळीवर कार्बनतंतूंचे वेष्टन असलेले बाण १९८०–९० या दशकात स्पर्धांत आले. त्यानंतर संपूर्ण कार्बनच्या दांड्याही बाजारात आल्या. आरंभीच्या अशा दांड्यांत सर्व तंतू लांबीच्या दिशेने ओढून बसविलेले असत. त्यामुळे दांडी ताठ होई, पण आडव्या दिशेने तिला बांधून ठेवणारे काही नसल्याने आघात होताच ती उभी चिरे. पुढे तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांनी गुंडाळण्याची पद्धत आली व हा दोष कमी झाला. तथापि नाहीसा झाला नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीच्या क्षेत्रात कार्बन दांडीने ॲल्युमिनियमला मागे टाकले.

या प्रसारास धनुष्यातील एक बदलही कारणीभूत झाला. मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्यांच्या धनुष्याचे (कंपाउंड धनुष्य) एकस्व मिळाले. टोकांवरील विकेंद्री कप्प्यांमुळे अशा धनुष्यात साठणारी ऊर्जा वाढते व पूर्ण ताणलेल्या अवस्थेत हातावरील भार कमी होतो. जुन्या लांब धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ५० मी. वेगाने जातो, तर आधुनिक कप्प्यांच्या धनुष्याचा ८० ते ९० मी. वेगाने. २६ ग्रॅ. वजनाच्या बाणाला अर्ध्या मीटरच्या अंतरात ८५ मी. वेग द्यावयाचा, तर त्यावरील सरासरी बल बाणाच्या वजनाच्या सातशे पटींहून अधिक येते. एवढा दाब सेकंदाच्या सुमारे ऐंशीव्या भागात दांडीला सोसावा लागतो. दांडीत लपलेली चीर असेल, तर ती याच क्षणी उघडते. आणि त्या क्षणी धनुष्य धरणारा हात दांडीच्या अगदी शेजारी असतो.

हाताची सुरक्षितता : कार्बन दांडी वाकून राहत नाही. ती एकतर सरळ असते किंवा मोडलेली असते. दगडावर, हाडावर किंवा लक्ष्यातील दुसऱ्या बाणावर आदळल्यावर तिच्या थरांची आतल्या आत फारकत होऊ शकते आणि वरून ती पूर्वीसारखीच दिसते. लाकूड व ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत डोळा हा पुरेसा परीक्षक होता. येथे तो पुरत नाही. म्हणून उत्पादक एक सोपी परीक्षा सांगतात. प्रथम दांडीवर ओरखडे, खाचा किंवा चिरा आहेत का ते पाहावे. नंतर दोन्ही टोके धरून, तोंडापासून दूर ठेवून, दांडी मध्यभागी २.५ ते ५ सेंमी. लवेल इतपत वाकवावी. ती थोडी थोडी फिरवीत ही क्रिया सर्व बाजूंनी करावी. मग दोन्ही दिशांना पिळून पाहावी. कडकड असा आवाज आला, हाताला तसे जाणवले किंवा दांडी नेहमीपेक्षा मऊ लागली, तर ती मोडून टाकून द्यावी. कुंभाराकडचे मडके घेताना ते वाजवून पाहतात, त्यासारखीच ही रीत आहे. ही परीक्षा प्रत्येक वेळी बाण सोडण्यापूर्वी करावयाची असते.

याखेरीज दोन मर्यादा पाळाव्या लागतात. पहिली वजनाची. धनुष्याच्या कमाल ताणाच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन निदान ५ ग्रेन असावे, असा संकेत आहे. ६० पौंडांच्या धनुष्यास ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९.५ ग्रॅ., वजनाचा बाण किमान लागतो. बाण याहून हलका असेल, तर धनुष्यातील ऊर्जेचा मोठा भाग धनुष्यातच राहून त्याचे व दांडीचे नुकसान होते. दुसरी मर्यादा लांबीची. दांडी आखूड असल्यास पूर्ण ताणताना ती आधारावरून मागे घसरते व बाण हातात शिरण्याचा संभव असतो.

कार्बनची शकले अतिशय टोकदार असतात. ती हातात शिरल्यास शोधून काढणे अवघड जाते, कारण कार्बन क्ष-किरणांना फारसा अडवीत नाही. याच गुणामुळे क्ष-किरण तपासणीच्या मेजाचे फलक कार्बनतंतूंचे करतात. दांडी कापताना उडणारी धूळ त्वचेला, डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रासदायक असते. अखंड तंतू फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचण्याइतका बारीक नसला, तरी घासण्याने व कापण्याने त्याहून सूक्ष्म कण निर्माण होऊ शकतात. म्हणून दांडी कापताना तोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे व धूळ ओल्या फडक्याने पुसून घेणे इष्ट असते.

मांसाची हाताळणी : गोळी व बाण यांच्या परिणामांत मूलभूत फरक आहे. गोळी धक्क्याने ऊतकांचा नाश करते. रुंद पात्याचा बाण रक्तवाहिन्या कापतो व जनावर रक्तस्रावाने मरते. बाण लागल्यावर हरिण काही अंतर पळते. शिकारी थोडा वेळ थांबून रक्ताच्या खुणांवरून त्याचा माग काढतो. बाण आरपार गेला असेल, तर तो बहुधा अखंड सापडतो आणि त्यावरील रक्ताचा रंग व वास यांवरून तो फुप्फुसांतून गेला की आतड्यांतून, हे कळते. परंतु बाण खांद्याच्या हाडात अडकला, पळताना झाडांवर आपटला किंवा हरिण त्याच्यावरच पडले, तर दांडी शरीराच्या आत मोडते. लाकडाचा किंवा धातूचा असा तुकडा बोटांना सापडतो. कार्बन दांडीचे मात्र एका मोठ्या तुकड्याबरोबर सुईसारखे अनेक काळे तंतू व कपचे होतात. रक्ताने माखलेल्या गडद मांसात ते दिसत नाहीत.

यास्तव हरिणाचे पोट फाडून आतडी काढण्यापूर्वी बाणाचे सर्व तुकडे शोधण्यास सांगितले जाते. सापडलेले तुकडे ओळीने मांडून त्यांची एकूण लांबी मूळ दांडीशी ताडून पाहावी; जेवढी लांबी कमी भरेल तेवढी शरीरात आहे असे समजावे. पोकळीत हात आंधळेपणाने घालू नये, कारण आत पात्याचे टोकही असू शकते. हातमोजे वापरावेत. जखमेच्या मार्गाभोवतीचे मांस सढळपणे कापून टाकावे, उरलेल्या भागाचा पृष्ठभाग उजेडात नीट तपासावा आणि शंका आल्यास तो भाग ठेवू नये. हे सर्व मांसाचा खिमा करण्यापूर्वी झाले पाहिजे. कारण एका जागी असलेला कपचा यंत्रातून गेल्यावर सर्व मांसात पसरतो. कार्बनतंतू शिजविल्याने मऊ होत नाही व जठररसात विरघळत नाही. त्याचा अपाय विषासारखा रासायनिक नसून काचेच्या कपच्यासारखा आहे. तोंड, घसा व अन्नमार्ग यांना त्याने इजा होऊ शकते.

दांडीकडे लक्ष देताना मांसाचे नेहमीचे धोकेही विसरता येत नाहीत. बाण आतड्यांतून गेला असल्यास विष्ठेतील जंतू मांसात मिसळतात. १९९५ मध्ये ऑरेगन राज्यात हरिणाच्या घरी वाळविलेल्या मांसापासून एश्चेरिकिया कोलाय ओ१५७ : एच७ या जंतूची साथ उद्‌भवली होती. शव लवकर थंड करून ४° से. किंवा त्याखाली ठेवणे आणि खिमा ७१° से. पर्यंत शिजविणे हे सर्वसाधारण नियम होत. हरिणवर्गातील प्राण्यांचा मेंदू पोखरणारा जो दीर्घकालिक क्षयरोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळला, तो पुढे अनेक राज्यांत पसरला. २००२ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये आढळला. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये व मेंदू आणि पाठीचा कणा कापू नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

शिसे व कार्बन : बाण व गोळी यांची तुलना करताना २००८ मधील एका घटनेचा निर्देश आवश्यक आहे. अमेरिकेत शिकारी आपल्या हरिणांचे मांस गरिबांसाठीच्या अन्नपेढ्यांना दान करतात. नॉर्थ डकोटा राज्यात त्या वर्षी अशा दान केलेल्या मांसाची क्ष-किरणांनी तपासणी केली असता त्यात शिशाच्या गोळ्यांचे बारीक कण आढळले व ते मांस टाकून देण्याचा सल्ला अन्नपेढ्यांना देण्यात आला. त्यानंतर त्या राज्यातील ७३८ जणांच्या रक्ताची तपासणी झाली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. गोळी वापरणाऱ्या शिकाऱ्यांना हे कण दिसले नव्हते.

बाणामुळे मांसात शिसे येत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे. परंतु नॉर्थ डकोटात शिशाचे कण ज्या साधनाने उघडकीस आले, त्या क्ष-किरणांना कार्बन फारसा दिसत नाही. त्यामुळे कार्बनच्या बाबतीत शिकाऱ्याने शवाजवळ बसून केलेली तपासणी हीच पहिली व बव्हंशी शेवटची तपासणी ठरते. ज्याने शिकार पाहिलेली नाही आणि बाण कोठे मोडला हे ज्याला ठाऊक नाही, असा माणूस ते मांस खाणार असेल, तेव्हा हे उत्तरदायित्व अधिकच वाढते. ऐनू किंवा सान शिकारी जखमेभोवतीचे मांस टाकीत, तेव्हा तो टोळीतील सर्वांच्या जिवाचा प्रश्न असे. आधुनिक शिकाऱ्याच्या मांसाचा वाटेकरी अनोळखी असला, तरी प्रश्न तोच राहतो.

भारतातील स्थिती : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे भारतात चितळ, सांबर, भेकर इ. हरिणांची शिकार निषिद्ध असून त्यांचे मांस बाळगणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे वरील विवेचनातील मांसाविषयीचा भाग येथे लागू पडत नाही. दांडीविषयीचा भाग मात्र लागू पडतो. भारतीय धनुर्विद्या संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. देशातील स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ या प्रकारात बांबूचे धनुष्य व लाकडी बाण वापरतात, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या प्रकारांत कार्बनच्या दांड्या सर्रास वापरल्या जातात. बांबूच्या बाणावर शिकलेला खेळाडू दांडीची चीर डोळ्यांनी पाहण्यास सरावलेला असतो. कार्बनचा बाण हाती घेताना त्याला ही सवय बदलावी लागते व दांडी वाकवून, पिळून आणि कानाने ऐकून तपासण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते. एकाच लक्ष्यावर अनेकांचे बाण लागत असल्यामुळे तेथे दांडीवर दांडी आदळण्याचे प्रसंग शिकारीपेक्षाही अधिक येतात. म्हणून नवशिक्यांच्या हाती असे बाण देताना ही परीक्षा धनुष्य ताणण्याच्या शिक्षणाबरोबरच शिकविणे आवश्यक ठरते.